यंत्राला पैसे मिळतात, तुरीला मिळत नाहीत

विदर्भ-मराठवाड्यात बचत गटांचे उद्योग पाहत फिरलं की एक शेड हमखास भेटते. पत्र्याचं छप्पर, दारावर देणगीदाराच्या नावाची पाटी, आत मिनी दालमिल आणि तिच्यावर ताडपत्री. ‘बंद आहे का?’ असं विचारलं की बायका जरा दुखावतात. ‘बंद कशाला असंल, शिजनला चालते की.’ ते खरंही असतं. जानेवारी-फेब्रुवारीत गावातले लोक घरची पोतं-दोन पोती तूर घेऊन येतात, गट ती भरडून देतो आणि किलोमागे ठरलेली भरडाई घेतो. मार्च सरला की पुन्हा ताडपत्री. देणगीदाराला दिलेल्या प्रस्तावात मात्र वेगळंच लिहिलेलं असतं. गट स्वतः तूर विकत घेईल, वर्षभर डाळ करेल, पाकिटात भरून जिल्ह्याच्या ठिकाणी विकेल आणि दहा-बारा घरांना बारमाही काम मिळेल.

यात कुणी पैसे खाल्लेले नसतात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी दालमिल हे चांगलं, दणकट यंत्र आहे, तासाला साधारण क्विंटलभर माल काढतं. बायका मेहनती असतात. देणगीदाराची नियतही साफ असते. अडतं ते एका साध्या हिशोबावर, जो प्रस्तावाच्या शेवटच्या पानावर असायला हवा होता आणि बहुधा नसतो.

तो हिशोब इथे मांडून पाहू. तुरीचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामासाठी क्विंटलला ८,००० रुपये होता. बाजार त्याच्या वर-खाली होतो, आपण हाच भाव धरू. शंभर क्विंटल तूर घ्यायची म्हणजे ८ लाख रुपये लागले. यंत्र याच्या कितीतरी कमी किमतीत येतं. एका क्विंटलमधून ७० किलो डाळ निघाली असं धरा, बाकी चुणी, कणी, टरफल. चुणी जनावरांच्या खाद्याला जाते, तिचे क्विंटलमागे ५०० रुपये सुटले. तेल, वीज आणि बायकांची मजुरी मिळून ६०० गेले. म्हणजे ७० किलो डाळ पडली ८,१०० रुपयांना, किलोला जवळजवळ ११६. पाकीट, लेबल आणि वाहतुकीचे सहा रुपये मिळवले की १२२. ती १३७ ला विकली तर किलोला १५ रुपये राहतात. शंभर क्विंटलची सात हजार किलो डाळ, म्हणजे वर्षाचे १ लाख ५ हजार रुपये.

आता ते ८ लाख आणायचे कुठून? तूर जानेवारीत एकदम घ्यायची आणि डाळ वर्षभर थोडी थोडी विकायची, म्हणजे पैसा सरासरी सहा महिने अडकून राहतो. वर्षाला २४ टक्क्यांनी मिळाला तर सहा महिन्यांचं व्याज ९६ हजार. नफ्यातले नऊ हजार उरले, तेही एखादं पोतं भिजलं नाही तर. बारा टक्क्यांनी मिळाला तर व्याज ४८ हजार आणि उद्योग तग धरतो. बिनव्याजी मिळाला तर तीन-चार वर्षांत गट स्वतःच्या नफ्यातून निम्मी तूर घेऊ लागतो. यंत्र तेच, बायका त्याच, गाव तेच. फरक पडतो तो फक्त खेळतं भांडवल काय दराने आणि कुठल्या महिन्यात हातात आलं याने.

गावातली अशी शेड उभी करणारी, दहाजणींना एकत्र आणणारी, तालुक्याला खेटे घालणारी एक कुणीतरी असते. तिला हल्ली सामाजिक उद्योजक म्हणतात, सत्कार करतात, शहरात बोलावून माईक देतात. तिला नेमकी मदत काय करावी, हा प्रश्न मला या डाळीच्या हिशोबापासून सुरू करावासा वाटतो, कारण इथे तो आकड्यांत पकडता येतो. कागदी पिशव्या, शेळीपालन, सॅनिटरी पॅड, मधमाश्या, काहीही घ्या, आकडे बदलतील पण अडण्याची जागा फारशी बदलत नाही.

आधी यंत्राचंच थोडं आणखी. डाळ करणं म्हणजे यंत्रात तूर ओतणं नव्हे. हरभरा-मसुराच्या मानाने तूर हट्टी, तिचं साल डिंकासारख्या थराने आतल्या दाळीला चिकटलेलं असतं. म्हणून आधी चाळून प्रतवारी करायची, लहान-मोठा दाणा वेगळा करायचा, नाहीतर मोठा फुटतो आणि लहान न सोलता निघतो. मग रोलरमधून एकदा काढून सालाला ओरखडे पाडायचे. क्विंटलला पाव ते अर्धा किलो तेल चोळायचं आणि रात्रभर ढीग झाकून ठेवायचा, तेल ओरखड्यांतून आत मुरतं. मग दोन-तीन दिवस ऊन. त्यानंतर पाण्याचा हलका शिपका, पुन्हा एक रात्र ढीग, पुन्हा ऊन, आणि मग कुठे खरी भरडाई. घाई केली, ऊन कमी मिळालं, तर साल पुरतं सुटत नाही; मग तोच माल दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा फिरवावा लागतो आणि डाळीऐवजी कणी वाढते. क्विंटलला ७० ऐवजी ६४ किलो डाळ निघाली की वरच्या हिशोबातला जवळजवळ तीन चतुर्थांश नफा चुणीच्या पोत्यात जातो.

म्हणजे यंत्राचं काम क्विंटलला तासाभराचं, पण तूर तयार व्हायला चार-पाच दिवस. अडथळा यंत्राचा नसतोच, तो वाळवणीच्या जागेचा असतो. रोज पाच-सहा क्विंटल भरडायची तर एका वेळी वीस-पंचवीस क्विंटल तूर उन्हात पसरलेली हवी, आणि तीही मातीवर नव्हे, खडे येतात. सिमेंटचा कोबा हवा आणि फेब्रुवारीतल्या अवकाळी पावसाला जाड ताडपत्र्या हव्यात. यंत्रावरची ताडपत्री काढून तुरीवर टाकायची वेळ आली म्हणजे उद्योग सुरू झाला असं समजायला हरकत नाही! कोब्याला पैसे देणारा देणगीदार मात्र मिळत नाही. कोब्याचं उद्घाटन कसं करणार? तीच गत साठवणीची. तूर नीट वाळली नसेल, ओलावा नऊ-दहा टक्क्यांच्या वर राहिला असेल, तर पावसाळ्यापर्यंत भुंगेरे पोतं पोखरतात. ओलावा मोजायचं छोटं उपकरण आणि जमिनीपासून वीतभर उंच लाकडी फळ्या, एवढ्यानं ते टळतं. प्रस्तावाच्या अंदाजपत्रकात या दोन ओळी आहेत का, हे पाहूनच प्रस्ताव लिहिणाऱ्याने कधी डाळ केली आहे की नाही ते कळतं.

मग खेळत्या भांडवलाला कुणीच पैसे का देत नाही? देणगीदार कंजूष असतात म्हणून नव्हे. कंपन्यांच्या पैशाची रचनाच तशी आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी कुठल्याही रेषेला पोचतो, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. यातला ‘खर्च’ हाच कळीचा भाग. संस्थेच्या कायम निधीत टाकलेली रक्कम जानेवारी २०२१ पासून सीएसआर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचा, खर्च म्हणून धरली जात नाही. परत येणारा, फिरणारा पैसा हिशोबनीसाला नको असतो. बिल हवं, मालाचा फोटो हवा, मालमत्ता क्रमांक हवा. यंत्र या सगळ्यात चपखल बसतं. शिवाय नियम असा की सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीकडे राहू शकत नाही. ती धर्मादाय संस्थेच्या, सार्वजनिक प्राधिकरणाच्या किंवा लाभार्थ्यांच्या गटाच्या नावावर असावी लागते. बचत गटाच्या नावावर दालमिल हा त्यामुळे कंपनीला सर्वांत सुरक्षित रस्ता वाटतो.

त्यात वेळेचा घोळ. कंपनीचं आर्थिक वर्ष मार्चला संपतं आणि राहिलेले पैसे फेब्रुवारी-मार्चमध्ये घाईने सुटतात. तूर बाजारात येते डिसेंबर-जानेवारीपासून. शेतकऱ्याला देणी असतात, तो थांबत नाही, फेब्रुवारी अखेरपर्यंत बराचसा माल व्यापाऱ्याकडे गेलेला असतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गटाच्या खात्यात पैसे आले तर त्या पैशांनी घ्यायला गावात तूरच नसते, असली तर ती व्यापाऱ्याच्या गोदामात आणि चढ्या भावाने. तुरीसाठी मदत करायची तर मंजुरी ऑक्टोबरमध्ये आणि पैसे डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात हवेत. कायद्यात याला आडकाठी नाही. ‘चालू प्रकल्प’ म्हणून ठराव केला तर सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत काम चालवता येतं आणि न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात ठेवता येते. कंपनीच्या सीएसआर विभागाला हे ठाऊक असतं, पण त्यांना तुरीचा हंगाम ठाऊक नसतो. तो त्यांना सांगणं हेही पाठबळच, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

माझं मत असं की कंपन्यांनी यंत्र, कोबा, शेड आणि लोकांचे पगार द्यावेत आणि तुरीचे पैसे सर्वसामान्य माणसांनी द्यावेत. गावातून नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेले, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे गट, निवृत्त शिक्षक, यांच्या पैशाला कलम १३५ लागू नाही. पण इथेही दोन खड्डे आहेत. पहिला, कुणाला तरी हातउसने द्यावेत तसे थेट देऊन मोकळं होणं. गटाने उत्पादक कंपनी, म्हणजे सभासदांच्याच मालकीची कंपनी, काढली असेल तर सभासद नसलेल्या व्यक्तीकडून घेतलेलं कर्ज ठेवींच्या नियमांत अडकतं आणि लेखापरीक्षक त्यावर बोट ठेवतो. दुसरा, व्याज लावणं. परवान्याशिवाय व्याजाने पैसे फिरवण्याचा धंदा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यात गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो.

दोन मार्ग सरळ आहेत. एक, नोंदणीकृत संस्थेला किंवा गटांच्या महासंघाला देणगी द्यायची, आणि तिने ती लेखी कराराने गटाला बिनव्याजी फिरता निधी म्हणून द्यायची. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, १९७५ साली सुरू झालं. त्याची लोकसंचलित साधन केंद्रं या कामाला उपयोगी पडतात, कारण ती गटांच्याच बायकांनी चालवलेली असतात, सेवाशुल्कावर स्वतःचा खर्च भागवण्याच्या बेताने उभी केलेली असतात आणि कोणत्या गटाचं दप्तर नीट आहे हे त्यांना पाटीवरून नव्हे, हजेरीच्या वहीवरून माहीत असतं. दुसरा मार्ग लोकांना कमी ठाऊक आहे. आपली मुदतठेव बँकेत तारण ठेवायची आणि तिच्यावर गटाला कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसं काढता येणारं कर्ज, मिळवून द्यायचं. ठेवीचं व्याज ठेवीदाराला मिळत राहतं आणि गटाला व्याज लागतं ते जेवढे दिवस जेवढी रक्कम वापरली तेवढ्याचंच. धोका उघड आहे, गटाने फेडलं नाही तर बँक ठेव वळती करून घेते. म्हणून जी रक्कम गेली तरी झोप उडणार नाही तेवढीच ठेव तारण ठेवावी.

करारात काय असावं? परतफेड महिन्याच्या हप्त्यांत नको. तुरीचे पैसे महिन्याच्या हप्त्याने येत नाहीत. जून, सप्टेंबर आणि डिसेंबर अशा तीन टप्प्यांत, विक्री होईल तशी परतफेड. सगळी रक्कम एका दमात तुरीत घालायची नाही, एक तृतीयांश जानेवारीत, एक तृतीयांश फेब्रुवारीत आणि उरलेली बाजार पाहून. हे शहाणपण २०१६-१७ च्या हंगामाने शिकवलं आहे. त्या वर्षी हमीभाव बोनससह ५,०५० होता आणि तुरीचं पीक इतकं आलं की बाजारात भाव त्याच्या कितीतरी खाली गेले, खरेदी केंद्रांबाहेर पोत्यांच्या रांगा लागल्या. वर आयातीचं धोरण दिल्लीत केव्हा फिरेल याचा नेम नसतो. ज्याने सगळा माल आधीच्या चढ्या भावाने भरून ठेवला, तो बुडाला. म्हणून करारात एक ओळ अशीही हवी की बाजारभाव खरेदीपेक्षा वीस टक्क्यांहून जास्त पडला तर तोटा निधी आणि गट निम्मा-निम्मा सोसतील. ही ओळ नसली की पहिल्याच वाईट वर्षी गट फुटतो. अध्यक्षबाई स्वतःचे डाग गहाण टाकून परतफेड करतात आणि पुन्हा कुठल्याही योजनेचं नाव काढत नाहीत.

सरकारी योजनांना मी नावं ठेवणार नाही, उलट त्या वाचल्या जात नाहीत हे दुखणं आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत यंत्रासाठी ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, कर्जाशी जोडलेलं अनुदान आहे, ते सगळ्यांना पाठ असतं. त्याच योजनेत बचत गटाच्या अन्नप्रक्रिया करणाऱ्या सभासदाला ४० हजार रुपये बीज भांडवल आहे, खेळत्या भांडवलासाठी आणि लहान अवजारांसाठी. दहाजणींचे चार लाख झाले, म्हणजे आपल्या हिशोबातली निम्मी तूर! शेतकऱ्यासाठी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. बाजार समितीच्या गोदामात तूर ठेवली की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्क्यांनी सहा महिन्यांसाठी मिळते. ती शेतकऱ्याच्या मालाला आहे, व्यापाऱ्याच्या नव्हे. गटाला याचा उपयोग असा की सभासदांनी आपली तूर तारण ठेवून गरज भागवावी आणि गटाने ती टप्प्याटप्प्याने सोडवून घ्यावी, एकदम आठ लाखांची गरजच पडत नाही. हे जुळवून आणायला मात्र बाजार समितीत, बँकेत आणि कृषी कार्यालयात हेलपाटे मारणारं एक माणूस लागतं.

आणि त्या माणसाचा पगार कोण देणार, इथे गाडी पुन्हा रुतते.

सामाजिक उद्योजकांना पाठबळ देण्याचा संघटित विचार जिथून जगभर पसरला त्या अशोका संस्थेची सुरुवात पाहण्याजोगी आहे. बिल ड्रेटन यांनी ती १९८० मध्ये स्थापन केली, नाव सम्राट अशोकावरून. तिच्या पहिल्या फेलो, म्हणजे पाठबळासाठी निवडलेल्या पहिल्या व्यक्ती, होत्या मुंबईच्या शिक्षिका ग्लोरिया डिसूझा. पाठांतराऐवजी परिसर पाहून, हाताळून मुलांनी शिकावं यासाठी त्या पद्धती घडवत होत्या. संस्थेने त्यांना इमारत दिली नाही, यंत्र दिलं नाही. घरखर्च भागेल एवढी वृत्ती दिली, म्हणजे नोकरीतून वेळ काढून चालणारं काम पूर्ण वेळ करता येईल. चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी ज्या कल्पनेने ही सगळी चळवळ सुरू झाली, ती कल्पना इतकी साधी होती: माणसाचा वेळ विकत घेऊन तो त्यालाच परत देणं.

आपल्याकडच्या अंदाजपत्रकात मात्र ‘मानधन’ या ओळीवर पहिली कात्री चालते. त्यामागे एक गैरसमज इतका मुरला आहे की तो सविस्तर खोडायला हवा. सीएसआर नियमांत प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे. ती कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभारावर केलेल्या खर्चाला आहे. प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेचा समन्वयक, हिशोबनीस, गावात फिरण्याचा खर्च या मर्यादेत येत नाही; प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी आणि देखरेख यांवर थेट झालेला खर्च नियमाच्या व्याख्येतूनच वगळला आहे. तरी कंपन्यांचे अधिकारी संस्थेला सांगतात, ‘पाच टक्क्यांच्या वर अॅडमिन बसत नाही.’ संस्थेचा कार्यकर्ता मान हलवतो, आणि मग हिशोबनीसाचा पगार ‘प्रशिक्षण साहित्य’ या ओळीत लपवला जातो. इथून खोट्या हिशोबाची सवय लागते. नियमांची प्रत बैठकीत समोर ठेवावी, भांडण न करता. बहुतेक वेळा समोरच्यानेही ती वाचलेली नसते.

पगारांत सर्वांत आधी द्यायचा तो हिशोब लिहिणाऱ्याचा. अर्धवेळ का होईना, पण रोजच्या रोज. गट चांगला चालतो तोवर वहीची गरज भासत नाही आणि बिघडला की वहीशिवाय काहीच सिद्ध करता येत नाही. यंत्राच्या बेल्टला, बेअरिंगला, चाळणीच्या जाळ्यांना वर्षाला किती लागतात, काट्यावर वैधमापनचा शिक्का कधी मारून घ्यायचा, अन्नसुरक्षेची नोंदणी कधी संपते, पाकीटबंद लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या डाळीवर १८ जुलै २०२२ पासून पाच टक्के जीएसटी लागतो पण सुट्या डाळीवर नाही, हे सगळं कुणाच्या तरी वहीत असावं लागतं. ते नसलं की दंड येतो, आणि दंड भरायला कुठलाच देणगीदार पैसे देत नाही.

संस्थेचं कायदेशीर रूपही आधीच ठरवावं लागतं, कारण ज्या रूपात नोंदणी त्या रूपाचा पैसा. विश्वस्त संस्था, सोसायटी किंवा कलम ८ ची, म्हणजे नफा न वाटणारी, कंपनी असेल, आयकराच्या १२ए आणि ८०जी या करसवलतीच्या नोंदण्या आणि सीएसआरचे पैसे घेण्यासाठी भरायचा सीएसआर-१ फॉर्म असेल, तर कंपन्यांचा पैसा येऊ शकतो. ती संस्था कंपनीनेच काढलेली नसेल तर अशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभवही लागतो. शेतकरी उत्पादक कंपनी नफा वाटू शकते, म्हणून तिला सीएसआर राबवणारी संस्था होता येत नाही, पण दहा हजार उत्पादक संघटनांच्या २०२० च्या केंद्रीय योजनेत तिला तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च आणि सभासदामागे २,००० रुपये, कमाल १५ लाखांपर्यंत, समभाग अनुदान अशी तरतूद होती. कामाला लागलेली उत्साही माणसं कधी कधी दोन्ही संस्था काढून बसतात आणि मग दोन लेखापरीक्षणं, दोन विवरणपत्रं, एकच कारकून. पहिली तीन वर्षं एकच रूप पुरतं. सोशल स्टॉक एक्स्चेंजची, म्हणजे सामाजिक संस्थांना पैसे उभारता यावेत म्हणून शेअर बाजारात काढलेल्या विभागाची, बरीच चर्चा होते. सेबीने २०२३ मध्ये तिथल्या रोख्यांच्या निर्गमाची किमान मर्यादा एक कोटीवरून पन्नास लाखांवर आणली, तरी आठ लाखांच्या तुरीसाठी अडलेल्या गटाला तिचा उपयोग नाही.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी देणगी धरली जात नाही. अमेरिकेचं किंवा ब्रिटनचं नागरिकत्व घेतलं असेल तर धरली जाते, मग तो माणूस मूळचा वाशीमचा का असेना आणि भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड का असेना. अशा पैशाला एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, पैसे आधी नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात, २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च २० टक्क्यांवर नेता येत नाही आणि मिळालेली रक्कम दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. एकाच भिशीत जमलेल्या वीस मित्रांचे पैसे एकत्र पाठवले आणि त्यात पाच परदेशी नागरिक असले, तर गावातल्या संस्थेच्या गळ्याला नसती कटकट लागते. पासपोर्ट विचारणं उद्धटपणाचं वाटतं, पण पैसे पाठवण्याआधी ते विचारावं.

पाठबळाचा आणखी एक प्रकार आहे जो देणगीच्या पावतीत मावत नाही, आणि त्याचं महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं उदाहरण पुण्यात आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली, कचरा वेचणाऱ्यांची संघटना म्हणून. महापालिकेने मान्य केलेली ओळखपत्रं आली, पुढे महापालिकेच्या खर्चाने आरोग्य विमा आला. त्यातून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी पाच वर्षांचा करार झाला. घरोघरचा कचरा उचलायचा, सेवेचे पैसे घरांनी थेट कामगाराला द्यायचे, भंगार विकून येईल ते कामगाराचं. महापालिकेने ढकलगाड्या, हातमोजे, रेनकोट अशी साधनं आणि देखरेखीचा व व्यवस्थापनाचा खर्च द्यायचा. म्हणजे महापालिकेने त्या बायकांना उद्योग ‘दिला’ नाही. त्या आधीपासून करतच होत्या. तिने दिला तो दारावर जाण्याचा हक्क, आणि व्यवस्थापनाचा तो खर्च जो घरटी मिळणाऱ्या पैशांतून कधीच निघाला नसता.

त्याच करारात कमकुवत दुवाही दिसतो. तो २०१३ च्या अखेरीला संपला आणि पुढचा व्हायला २०१६ उजाडलं. २०२० च्या अखेरीला पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला. मधल्या काळात मुदतवाढीवर दिवस ढकलायचे. मुदतवाढीच्या काळात नवी गाडी कोण घेणार, फाटलेले हातमोजे कुणाच्या खात्यातून बदलणार, आणि करारच नाही म्हणून पैसे द्यायला कुरकुरणाऱ्या सोसायटीला काय दाखवणार? म्हणून हक्क देणारा करार करताना एक कलम घालून घ्यावं: मुदत संपण्याच्या सहा महिने आधी नूतनीकरणाची चर्चा सुरू होईल आणि नवा करार होईपर्यंत जुन्याच अटी साधनांसकट लागू राहतील. स्थानिक संस्थांशी काम करणाऱ्या प्रत्येक उद्योजकाने हे वाक्य वकिलाला दाखवून घ्यावं.

पुरस्कार, स्पर्धा, तीन मिनिटांचं सादरीकरण यांबद्दल मी थोडक्यात बोलेन, कारण त्यांत बोलण्यासारखं थोडंच आहे. गडचिरोलीहून पुण्याला एका दिवसाच्या कार्यक्रमाला यायचं म्हणजे जाऊन-येऊन तीन दिवस जातात आणि ते दिवस हंगामात पडले तर त्यांची किंमत ट्रॉफीपेक्षा जास्त असते. बोलवायचंच तर प्रवासखर्च आधी द्यावा, नंतर तिकिटं मागून नव्हे. अहवालाचंही तसंच. चार देणगीदारांचे चार नमुने भरण्यात महिन्याचे चार-पाच दिवस जातात. तिमाहीला एक पान, किती तूर घेतली, किती डाळ निघाली, किती विकली, उधारी किती, एवढ्यावर सगळ्यांचं भागतं. डाळीचा उतारा आणि उधारी हे दोन आकडे पाहिले की बाकीचं आपोआप कळतं.

उधारीवरून पुन्हा कंपनीकडे यावं लागतं. ज्या कंपनीने गटाला दालमिल दिली, तिच्या स्वतःच्या कॅन्टीनमध्ये डाळ कुठून येते? ठेकेदाराकडून, आणि ठेकेदार ती घाऊक बाजारातून आणतो. गटाने विचारलं तर खरेदी विभाग तीन वर्षांचे ताळेबंद मागतो, पुरवठादार म्हणून नोंदणी मागतो आणि साठ दिवसांची उधारी. सीएसआर विभाग दुसऱ्या मजल्यावर, खरेदी विभाग पहिल्या, आणि मधला जिना कुणी चढत-उतरत नाही. वास्तविक गटाने लहान उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी केली असेल तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, आणि उशीर होऊन आर्थिक वर्ष उलटलं तर ती रक्कम त्या वर्षी कंपनीला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. नोंदणी फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते. ती केलेली नसली तर या कायद्याचा आधार मिळत नाही, म्हणून गट सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात ती करून घ्यावी.

पाचशे माणसं रोज जेवतात असं कॅन्टीन धरा. माणशी तीस ग्रॅम तूरडाळ म्हणजे दिवसाला १५ किलो, महिन्याच्या पंचवीस दिवसांत ३७५, वर्षाला साडेचार हजार किलो. आपल्या गटाच्या सात हजार किलोंतली जवळजवळ दोन तृतीयांश डाळ एका स्वयंपाकघरात खपते. ठेकेदाराच्या पुढच्या निविदेत एवढं लिहिलं तरी पुरे: तूरडाळ अमुक गटाकडून, दर महिन्याच्या पहिल्या तारखेच्या अकोला बाजाराच्या घाऊक दराने अधिक वाहतूक, पैसे पंधरा दिवसांत. दयेचा जादा दर नको, तो पुढच्या वर्षी कापला जातो. पहिली मागणी पन्नास किलोचीच द्यावी. गटाची डाळ पॉलिश न केलेली, जरा मळकट दिसते, आणि आचारी ती बघताच नाक मुरडतो. त्या दिवशी गटातल्या दोघींना कॅन्टीनच्या स्वयंपाकघरात बोलवावं, डाळ त्यांच्यासमोर शिजवावी, किती वेळ लागला आणि किती पाणी लागलं ते लिहून ठेवावं. शिजली नाही तर कोणत्या पोत्यातली होती ते बघून परत पाठवावी, आणि शिजली तर दुसऱ्या महिन्याची मागणी त्याच दिवशी लेखी द्यावी.